‘कार्टोग्राफर्स’: पेन्सिलीने राज्य आखायचा खेळ

पट मांडून खेळायच्या खेळांमध्ये गेल्या काही वर्षांत कागद-पेन्सिलीच्या खेळांची एक स्वतंत्र शाखाच तयार झाली आहे. यांपैकी बहुतेक खेळांत पेन्सिलीचे काम आकडे लिहिण्यापुरते किंवा चौकटींवर फुल्या मारण्यापुरते असते. थंडरवर्क्स गेम्सने २०१९ मध्ये प्रकाशित केलेला ‘कार्टोग्राफर्स’ मात्र खऱ्या अर्थाने रेखाटनाचा खेळ आहे. ब्राझीलच्या जॉर्डी अडान यांनी तो रचला असून २०२० मध्ये ‘केनरश्पील देस यारेस’ या जर्मनीतील प्रतिष्ठेच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले होते. ज्यांना किल्ले, नगरे किंवा अख्खी राज्ये कागदावर आखायला आवडतात, त्यांनी हा खेळ अवश्य खेळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळाचे कथानक थोडक्यात सांगता येते. नालोस राज्याच्या राणी गिम्नाक्सने उत्तरेचा प्रदेश पुन्हा ताब्यात घेण्याचा हुकूम दिला आहे आणि त्या प्रदेशाचा नकाशा तयार करणारे राजनकाशाकार म्हणजे आपण खेळाडू. प्रत्येकाच्या हाती ११ बाय ११ चौकोनांचा एक कागद असतो. त्यावर पाच डोंगर आणि काही भग्नावशेष आधीच छापलेले असतात. बाकीचा सगळा प्रदेश कोरा असतो आणि तो जंगल, गावे, शेते व पाणी यांनी भरत जायचा असतो.

दर वेळी गठ्ठ्यातील एक पत्ता उलटला जातो आणि तो सर्वांना एकाच वेळी लागू होतो, त्यामुळे आपली पाळी येण्याची वाट पाहत कोणालाच बसावे लागत नाही. काही पत्त्यांवर भूप्रकार एकच असतो, पण आकार दोन असतात आणि त्यांतील लहान आकार निवडणाऱ्याला एक नाणे मिळते. इतर काही पत्त्यांवर आकार एकच असतो, मात्र त्यात काय भरायचे, उदाहरणार्थ शेत की पाणी, हे आपण ठरवायचे असते. आकार फिरवता येतो, उलटाही करता येतो. भग्नावशेषाचा पत्ता आला की पुढचा आकार एखाद्या भग्नावशेषावरून जाईल असाच काढावा लागतो; नकाशाचा एक कोपरा नीट जुळवून आणलेला असताना ही सक्ती फार जाचते, आणि ती तशी जाचावी हेच रचनाकाराला अपेक्षित असावे.

नियम एवढेच असते तर खेळ सुबक पण साधारण ठरला असता. त्याचे खरे मर्म गुणांच्या मांडणीत आहे. डावाच्या सुरुवातीला राणीची चार फर्माने उघडली जातात. एक जंगलाविषयी, एक गावांविषयी, एक शेते व पाणी यांविषयी आणि एक एकूण रचनेविषयी असते. प्रत्येक गटात चार पत्ते असल्यामुळे फर्मानांचे २५६ वेगवेगळे संच संभवतात. संच तोच राहिला तरी फर्मानांचा क्रम बदलल्यास डाव बदलतो. फर्मानांना अ, ब, क, ड अशी स्थाने दिलेली असतात आणि वर्षाचे चार ऋतू असतात. वसंतात अ आणि ब, उन्हाळ्यात ब आणि क, शरदात क आणि ड, तर हिवाळ्यात ड आणि पुन्हा अ यांचे गुण मोजले जातात. म्हणजे प्रत्येक फर्मान दोनदाच मोजले जाते, आणि अ हे स्थान मिळालेले फर्मान वसंतानंतर दोन ऋतू मागे पडून अगदी शेवटी पुन्हा पुढे येते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘लॉस्ट बॅरनी’ नावाच्या फर्मानात नकाशावरील पूर्ण भरलेल्या सर्वांत मोठ्या चौरसाच्या एका बाजूच्या प्रत्येक घरामागे ३ गुण मिळतात. हे फर्मान अ स्थानी आले, तर वसंतात कसाबसा ३ बाय ३ चा चौरस जमवून ९ गुण घेता येतात. मग मधले दोन ऋतू इतर फर्मानांच्या मागे धावताना त्याच चौरसाच्या कडेने जागा राखत जावे लागते, कारण हिवाळ्यापर्यंत तो ७ बाय ७ चा झाला तर २१ गुण मिळणार असतात. हेच फर्मान ब स्थानी आले तर त्याचा हिशेब उन्हाळ्यातच मिटतो आणि नंतर त्या चौरसाकडे पाहण्याचेही कारण उरत नाही. फर्माने एकमेकांच्या आड येतात तेव्हा तर खेळाला विशेष रंग चढतो. ‘ग्रेट सिटी’ हे फर्मान डोंगराला न चिकटलेल्या सर्वांत मोठ्या वस्तीतील प्रत्येक चौकोनाला गुण देते. दुसरीकडे एखादा डोंगर चारही बाजूंनी वेढला की नाणे मिळते आणि ते नाणे त्या ऋतूपासून पुढच्या प्रत्येक ऋतूच्या बेरजेत धरले जाते. वसंतात मिळवलेले एक नाणे अशा रीतीने चार गुणांचे होते. गावाची शेवटची दोन घरे डोंगराला लावून नाणे घ्यावे की वस्ती डोंगरापासून दूर ठेवावी, असे प्रश्न या खेळात पदोपदी पडतात.

ऋतूची लांबी मोजण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. बहुतेक पत्त्यांवर काळाचा एक आकडा असतो आणि उघडलेल्या पत्त्यांची बेरीज वसंतात व उन्हाळ्यात ८, शरदात ७ आणि हिवाळ्यात ६ किंवा त्याहून जास्त झाली की ऋतू संपतो. वर्ष सरत जाते तसा वेळ आखडत जातो, आणि नेमक्या त्याच सुमारास नकाशावरील मोकळी जागाही अपुरी पडू लागते.

आता राक्षसांविषयी. प्रत्येक ऋतूच्या आरंभी गठ्ठ्यात हल्ल्याचा एक पत्ता मिसळला जातो. तो उघडला की प्रत्येकाने आपला कागद पत्त्यावरील बाणानुसार डाव्या किंवा उजव्या हाताच्या खेळाडूकडे द्यायचा असतो आणि त्या शेजाऱ्याने हाती आलेल्या त्या नकाशावर राक्षसाचा आकार काढून कागद परत करायचा असतो. राक्षसाला लागून असलेला प्रत्येक रिकामा चौकोन दर ऋतूच्या अखेरीस एक गुण कापतो, म्हणून शेजारी तो आकार नेमका आपण जपून ठेवलेल्या मोकळ्या जागेच्या मधोमध उतरवतो. तोवर प्रत्येक जण मान खाली घालून आपापल्या कागदात बुडालेला असतो. कागद हातातून जाताच सगळे वर पाहतात आणि बोलू लागतात. स्वतःच्या हाताने आखलेल्या प्रदेशात दुसऱ्याच्या पेन्सिलीची रेघ उमटताना पाहणे किती झोंबते, हे खेळल्याशिवाय कळत नाही, आणि लाकडी सोंगट्यांच्या खेळात हा अनुभव येणे कठीण आहे. माझ्या मते या खेळातील रेखाटन निव्वळ शोभेचे नाही, हे इथेच सिद्ध होते.

उणिवांचाही उल्लेख करायला हवा. हल्ल्यांचे क्षण वगळले तर खेळाडूंचा एकमेकांशी संबंध फारसा येत नाही. ज्यांना सौदे आणि चढाओढ हवी असते, त्यांना हा खेळ एकलकोंडा वाटेल. डबा १ ते १०० खेळाडू असे सांगतो. नियमांच्या दृष्टीने ते खरे आहे, पण माझ्या मते दोन ते पाच जणांत तो सर्वाधिक रंगतो. फर्मानांच्या पत्त्यांवरील मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे घरातील लहान किंवा वडीलधाऱ्या मंडळींबरोबर खेळताना चारही फर्माने सुरुवातीला मराठीत नीट समजावून सांगावी लागतात. तेवढे केले की पुढचा सगळा व्यवहार आकार आणि चिन्हे यांवर चालतो. दर ऋतूच्या अखेरीची मोजणी काहीशी रेंगाळते, आणि दहा वर्षांच्या मुलांना ती करताना मोठ्यांची मदत लागते.

एकाच काळ्या पेन्सिलीने खेळल्यास निम्म्या डावानंतर झाडे, घरे आणि लाटा एकमेकांत मिसळून कोणता पट्टा कशाचा हे ओळखणे जड जाते. त्यामुळे हिरवी, निळी, तांबडी, पिवळी आणि राक्षसांसाठी जांभळी अशा रंगीत पेन्सिली जवळ ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. चौकोन रंगवायला थोडा अधिक वेळ जातो, पण मोजणी सोपी होते आणि डावाच्या शेवटी हाती आलेला नकाशा जपून ठेवावासा वाटतो. सोबत खोडरबर असू द्यावा, मात्र पुढचा पत्ता उलटल्यावर कोणीही मागचे खोडायचे नाही, एवढे आधी ठरवून घ्यावे.

कागदाच्या मागच्या बाजूला मधोमध ओसाड प्रदेश असलेला दुसरा नकाशा आहे. पुढची बाजू पुरती अंगवळणी पडल्यावरच त्याच्याकडे वळावे. ‘कार्टोग्राफर्स हीरोज’ ही नंतरची आवृत्ती स्वतंत्रपणेही खेळता येते आणि तिच्यात राक्षसांचा बंदोबस्त करणारे वीर नकाशावर काढता येतात. तरीही पहिल्यांदाच घेणाऱ्याने मूळ खेळ घ्यावा. राक्षसाला उत्तर म्हणून त्याच्याभोवतीची जागा स्वतः भरत जाणे हा त्यातला उपाय अधिक साधा आहे, आणि मला तोच अधिक आवडतो.