केबलच्या पॅकमधली न्यूज चॅनल : बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मराठी घरांनी काय ठेवावं, काय काढावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात केबलचा नवा बॉक्स लावला की ऑपरेटर आपल्याकडचा तयार पॅक चालू करून देतो. हा पॅक बहुतेक वेळा सगळ्या कर्नाटकासाठी म्हणून बांधलेला असतो. त्यात कन्नड मनोरंजन, कन्नड बातम्या, हिंदी-इंग्रजी न्यूज चॅनलची लांबलचक रांग आणि मराठीतलं थोडंफार, एवढंच असतं. सीमाप्रश्नाच्या दाव्याची सुप्रीम कोर्टात तारीख असली की घरातल्यांना ती बातमी मराठीत ऐकायची असते. नेमकं तेच चॅनल लावलं की स्क्रीनवर ‘सबस्क्राइब्ड नाही’ अशी पाटी येते. इथे पारखायचा आहे तो हा तयार पॅक.

आमचं मत स्पष्ट आहे. बातम्यांचं कोणतंही चॅनल, मराठी असो की कन्नड, ग्राहकाच्या गळ्यात मारू नये. कागदावरचा नियमही ग्राहकाला एकेक चॅनल सुटं निवडू देतो. तरीही न्यूज चॅनल घरात शिरतात, त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट दहा पैशांची. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली, तेव्हा झी २४ तास आणि न्यूज १८ लोकमत यांचा महिन्याचा दर प्रत्येकी १० पैसे होता. आज तकचा ७५ पैसे. एवढ्याशा दरातून कुणाचं घर चालणार, असं वाटेल. पण नियमाने पे म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या चॅनलच्या गठ्ठ्यात (बुकेत) फ्री चॅनल घालता येत नाही. चॅनलला १० पैसे का होईना दर लावला की ते ‘पे’ ठरतं आणि मालिका-सिनेमांच्या गठ्ठ्यात सोबत घालता येतं. मालिकेसाठी गठ्ठा घेणाऱ्याच्या घरी बातम्यांचं चॅनल आपोआप पोचतं, आणि ते किती घरांत पोचतं हा आकडा जाहिरातवाल्यांना दाखवायला उपयोगी पडतो. ग्राहकाच्या खिशाला थेट चाट म्हणाल तर नगण्य. दहा-दहा पैशांची चार चॅनल काढली तर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४७ पैसे वाचतात.

दुसरी वाट जागेची, आणि पैसे खरे तिथे गेले. २०१९ मध्ये नेटवर्क कपॅसिटी फी (एनसीएफ), म्हणजे चॅनल घरापर्यंत पोचवण्याचं मूळ भाडं, १३० रुपये होती, जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे. त्यात १०० चॅनल, सक्तीची दूरदर्शनची चॅनलही त्यातच मोजलेली. पुढच्या प्रत्येक २५ चॅनलना २० रुपये. म्हणजे शंभराच्या पुढे गेलेलं ‘फुकट’ न्यूज चॅनलसुद्धा ८० पैशांना पडायचं. मार्च २०२० पासून त्याच १३० रुपयांत २०० चॅनल आली आणि दूरदर्शनची चॅनल मोजणीतून बाहेर काढली, तेव्हा हा भार बराच हलका झाला. मात्र जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता ऑपरेटर भागानुसार वेगळी फी ठेवू शकतो. त्यामुळे शेजारच्या गल्लीतला दर आपल्याला लागू होईल असं धरून चालू नका. किती चॅनलना किती एनसीएफ, हे आधी विचारा. एचडी चॅनल एका जागी दोन मोजलं जात होतं, तेही विचारून घ्या.

सीमाभागातली खरी अडचण मात्र दरात नाही. हवं ते मराठी चॅनल ऑपरेटरच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून चॅनल केबलवर सोडली जातात तिथे, आहे का, इथे घोडं अडतं. २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांत कॅरेज फी ठरवली आहे, म्हणजे आपलं चॅनल दाखवण्यासाठी चॅनलवाल्याने केबल कंपनीला द्यायचे पैसे. कंपनीने ठरवलेल्या ‘टार्गेट मार्केट’मध्ये, म्हणजे ती एकत्र धरते त्या भागात, ५ टक्क्यांहून कमी ग्राहकांनी ते चॅनल घेतलं असेल, तर चॅनलला दरमहा दर ग्राहकामागे २० पैशांपर्यंत फी. प्रमाण वाढेल तशी ती उतरते आणि २० टक्के ग्राहक झाले की शून्य होते. आता टार्गेट मार्केट अख्खं कर्नाटक धरलं तर बेळगावच्या शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, कडोलीत घराघरांत मराठी बातम्या पाहिल्या जात असल्या तरी राज्याच्या हिशेबात टक्का खालीच राहतो. शिवाय फी मोजताना कंपनीचे त्या मार्केटमधले सगळे चालू ग्राहक धरतात, बेंगळुरूचेसुद्धा. इतके पैसे भरून बेळगावसाठी चॅनल द्यायला कोण तयार होणार? टार्गेट मार्केट जिल्ह्यापुरतं केलं तर हे गणित पार बदलतं. मराठी ग्राहकांनी एकत्र येऊन केबल कंपनीकडे लावून धरायची मागणी हीच आहे.

पॅक बदलायचा असेल तर आधी रिमोटवरचं इन्फो बटण दाबा. पे चॅनलचा दर स्क्रीनवर दिसायला हवा. ९९९ नंबरच्या चॅनलवर दरांची माहिती मिळते. मग बॉक्सच्या मागचा किंवा मेनूतला व्हीसी नंबर (व्ह्यूइंग कार्डचा नंबर) लिहून घ्या आणि कंपनीच्या ॲपवरून किंवा ऑपरेटरच्या फॉर्मवर चॅनलची यादी नंबरासकट द्या. तोंडी सांगू नका. ‘मराठी न्यूज चालू करा’ म्हटलं की मराठीचा आणखी एक गठ्ठा वर चढतो, आधीचा तसाच राहतो आणि बिल वाढतं.

गठ्ठ्यातलं एकच चॅनल काढता येत नाही, इथे पुष्कळ जण फसतात. अख्खा गठ्ठा सोडून हवी ती चॅनल सुटी घ्यावी लागतात, म्हणून आकडेमोड आधी करा. गठ्ठ्यातल्या चॅनलची सुटी बेरीज ६० रुपये असेल तर ४५ टक्के सवलतीच्या मर्यादेमुळे गठ्ठा ३३ रुपयांच्या खाली जात नाही. त्यातली १२ आणि १० रुपयांची दोनच चॅनल हवी असतील तर सुटी घ्या, ११ रुपये वाचतील. दोन्ही १९ रुपयांची असतील तर ३८ होतात. मग गठ्ठाच परवडतो, नको असलेलं न्यूज चॅनल यादीत राहिलं तरी.

फ्री चॅनलच्या बेसिक पॅकमध्ये तर प्रत्येक प्रकारातली निदान पाच चॅनल घालायची, असा नियमच आहे, आणि त्या प्रकारांत बातम्याही येतात. त्यामुळे बेसिक पॅक मागून न्यूज टळत नाही. चॅनल सुटीच निवडायला हवीत.

डीडी सह्याद्री मात्र सक्तीच्या यादीत आहे. कर्नाटकातला असला तरी ऑपरेटरला ते द्यावंच लागतं, वेगळे पैसे न घेता. दिसत नसेल तर बॉक्स एकदा रीस्कॅन करा, तरीही नाही आलं तर लेखी तक्रार करा आणि तक्रार नंबर जपून ठेवा. तेवढ्या मराठी बातम्या पुरत असतील त्यांनी डीडी फ्री डिशचा विचार करायला हरकत नाही. डिश-बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. मात्र तिथली खासगी चॅनल लिलावानुसार बदलत असतात, आणि सिग्नल केयू बँडचा असल्याने खानापूरच्या मुसळधार पावसात तो तुटतो. केबलचं दुखणं वेगळं. घरात इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या नोडची (गल्लीत सिग्नल पुढे वाटणाऱ्या पेटीची) लाइट गेली की टीव्ही काळा पडतो. तुमच्या नोडला बॅटरी बॅकअप आहे का, हे वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी विचारा. आणि पावतीवर एनसीएफ, पे चॅनल आणि जीएसटी वेगवेगळे मांडून मागा. नुसता ‘महिन्याचे तीनशे’ असा गोल आकडा घेऊन पैसे देऊ नका, कारण कोणत्या चॅनलचे किती गेले हे त्यातून कधीच कळत नाही.