‘स्नीकरहेड्स’: शोध रंगतो, बूट मागे राहतो

नेटफ्लिक्सवर सप्टेंबर 2020 मध्ये आलेली ‘स्नीकरहेड्स’ ही 6 भागांची विनोदी मालिका एका संध्याकाळी बघून होते. लॉस एंजेलिसमधला डेव्हिन (ॲलन माल्डोनाडो) एकेकाळचा बूटवेडा, आता घर आणि मुलं सांभाळणारा बाप. जुना मित्र बॉबी (अँड्र्यू बॅचलर) त्याला झटपट पैशाच्या बेतात ओढतो आणि 5,000 डॉलर अंगावर येतात. बायकोला कळायच्या आत ते भरून काढायचे, तर ‘झिरोज’ नावाचा बुटांचा अतिदुर्मिळ जोड शोधायला हवा.

डेव्हिन-बॉबीची जोडी झकास जमली आहे. सोडून दिलेला नाद परत कसा चढतो, हे माल्डोनाडोच्या चेहऱ्यावर दिसतं. नोरी आणि स्टुई हे आणखी दोन बूटवेडे आल्यावर टोळी भरते, पण त्यांच्या वाट्याला प्रसंग कमी आलेत. बॉबीची बडबड मात्र दोन-तीन ठिकाणी जास्तच ताणली आहे.

खरी उणीव वेगळी आहे. ‘जोड मिळेल का?’ यावर मालिका भर देते. मिळालेला जोड अस्सल आहे का, टिकेल का, यात ती फारशी शिरत नाही. संग्राहकाचा निम्मा जीव तर तिथेच अडकलेला असतो. नाइकीचा जोड हातात आला की आधी खोक्यावरचा स्टाइल कोड, म्हणजे मॉडेल आणि रंगाचा क्रमांक (आधी सहा आकडे किंवा अक्षरं, मग तीन आकडे), बुटाच्या आतल्या लेबलशी ताडून बघायचा. दोन्ही वेगळे निघाले तर पैसे द्यायचे नाहीत. जुळले म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही, कारण नकली माल बनवणारे लेबलंही छापतात. मग टाचेचा मागून दिसणारा आकार, शिवणीतलं अंतर आणि गोंदाचा वास. यावर एक अख्खा भाग सहज रंगला असता.

दुसरा मुद्दा तळाचा. नाइकीचा 1985 चा एअर जॉर्डन 1 रबरी कपसोलवर (वाटीसारख्या एकसंध तळावर) उभा आहे, म्हणून त्यातले काही जोड आजही पायात घालता येतात. 1989 च्या मूळ जॉर्डन 4 चा मिडसोल, म्हणजे तळाचा मधला मऊ थर, पॉलियुरेथेन या फोमचा. हवेतली आर्द्रता त्या फोमची रेणूसाखळी तोडते, याला हायड्रोलिसिस म्हणतात. न वापरलेला, वरून कोरा करकरीत दिसणारा जोड चार पावलांत भुगा होतो. ‘डेडस्टॉक’ (कधीच न वापरलेला) म्हणून चढ्या भावाने घेतलेला जुना जोड असा पायाखाली विरघळणं हा या छंदातला सगळ्यात करुण आणि तितकाच विनोदी क्षण. लेखकांच्या हातून तो निसटला, याची हळहळ वाटते.

मालिका जरूर बघा, विशेषतः घरात खोक्यांची थप्पी असेल तर. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत पॉलियुरेथेनचा जोड ओलसर असताना प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका. आधी सावलीत वाळवा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून थोडं चालून या. दाबाने फोममधला ओलावा बाहेर पडतो. बरीच वर्षं पडून असलेला जोड घालण्याआधी मिडसोलवर अंगठा दाबा. बारीक चिरा उमटल्या किंवा बोटाला चिकट लागलं, तर तो कपाटातच राहू द्या.