डिटेल्स ग्रेड आलं: स्लॅबमध्येच विकायचं की फोडायचं?

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांकडून नाणं स्लॅबमध्ये (म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत) ‘डिटेल्स, क्लीन्ड’ अशा लेबलसह आलं, म्हणजे नाणं खरं पण घासून साफ केल्याचा दोष आहे असं ठरलं, की पहिला विचार येतो, फोडून टाकू हे प्लास्टिक. पण थांबा जरा. स्लॅबमध्ये ठेवलं तर १ ते ७० मधला आकडा नसतो, भाव पडतो, पण नाणं खरं आहे याची गॅरंटी तरी राहते, आणि ज्या नाण्याच्या नकला खूप निघतात तिथे घेणारा पैसे मोजतो ते त्याचेच. फोडलं की ती गॅरंटी गेली, वर फोडताना नाण्यावर ओरखडा उठायची भीती वेगळीच.

मग फोडायचं कधी? दोष काय आहे ते बघा. वरून चिकटलेला गोंदासारखा थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये तो बऱ्याचदा निघतो, धातूला धक्का लागत नाही (चोळायचं मात्र अजिबात नाही), आणि पुन्हा पाठवल्यावर सरळ ग्रेड (दोषाच्या शेऱ्याशिवाय आकडा) मिळायचा चान्स असतो. पण घासल्याच्या बारीक रेषा, कोरलेली अक्षरं, भोक बुजवलेलं असलं काही असेल तर पुन्हा पाठवणं म्हणजे फी वाया. आणि फोडून दोष न सांगता विकणं? सरळ फसवणूक आहे ती. अल्बममध्ये बसवायला स्वतःसाठीच हवं असेल तर खुशाल फोडा, लेबल तेवढं जपून ठेवा.