लिंकनच्या हत्येचा ‘जुना’ अंक : पिवळा कागद पाहून भुलू नका

15 एप्रिल 1865 चा ‘न्यूयॉर्क हेराल्ड’. आदल्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये लिंकनवर गोळी झाडली गेली, त्याची बातमी असलेला अंक. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या बातम्यांची जुनी वर्तमानपत्रं जमवणाऱ्या नवख्याला बऱ्याचदा गंडवलं जातं ते याच अंकावर.

गोष्ट ठरलेली असते. आजीच्या पेटीत सापडला, घरात कुणाला किंमत नाही, काचेच्या चौकटीत आहे आणि बाहेर काढला तर फाटेल. फोटोत कागद चहात बुडवल्यासारखा तपकिरी, कडा झडलेल्या. घेणारा म्हणतो, वा, काय जुना आहे! पैसे तिथेच बुडतात.

कारण 1865 चा असा अंक सहसा चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर असतो. तो आजही मऊ असतो, हाताळला तर कापडासारखा वळतो, रंगही बराचसा फिका राहतो. पिवळा पडून पापडासारखा मोडतो तो लाकडाच्या लगद्याचा कागद, आणि तो वर्तमानपत्रांत रुळला तो त्यानंतरच्या दशकांत. म्हणजे जो अंक जास्त ‘जुना’ दिसतो तोच बहुधा नंतरचा. यात एक गोम आहे. या अंकाच्या नकला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघत आल्या आहेत, काही तर औषधांच्या जाहिराती छापून फुकट वाटल्या गेल्या. अशी नक्कल स्वतःच शंभर वर्षांची असते, त्यामुळे ‘कागद जुना आहे’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

आधी पहिलं पान बघा. मधोमध लिंकनचं चित्र असेल तर तिथेच थांबा. अस्सल अंकाच्या पहिल्या पानावर चित्र नव्हतं. मग पानं मोजा. अस्सल अंक 8 पानांचा, नकला बहुतेक 4 किंवा 2 पानांच्या. विक्रेता ‘मध्यरात्रीनंतरची पहिली आवृत्ती’ म्हणत असेल तर मजकूर वाचा. लिंकन वारले सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी, तेव्हा पहाटेच्या आवृत्तीत निधनाची बातमी असूच शकत नाही.

अंक हातात आला की दहापट भिंग लावा. चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती 1880 नंतरची छपाई. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला की खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, दाब मागच्या बाजूला जाणवतो. पण जुन्या नकलाही खिळ्यांवर छापलेल्या असल्याने ही खूण एकटी पुरत नाही. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजा. चमकला नाही तर मात्र काहीच ठरत नाही. डाव्या कडेला बांधणीची भोकं दिसली तर ती चांगली खूण: ग्रंथालयांनी मोडीत काढलेल्या बांधीव खंडांतून सुटे अंक बाजारात येतात.

हाच खेळ पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या बातमीवरही चालतो. 4 जानेवारी 1800 च्या ‘अल्स्टर काउंटी गॅझेट’च्या साठाहून अधिक प्रकारच्या नकला आहेत, आणि अस्सल प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यासुद्धा नाहीत. तुम्हाला देऊ केलेला गॅझेट नक्कल आहे, असंच धरून चला. ‘ड्यूई डिफीट्स ट्रूमन’ (ड्यूईने ट्रूमनला हरवलं) या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या चुकीच्या मथळ्याचा 3 नोव्हेंबर 1948 चा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ही असाच, फक्त पहिलंच पान आणि मागची बाजू कोरी असेल तर ती भिंतीवर लावायची नक्कल.

पैसे देण्याआधी प्रत्येक पानाचे, चौकटीबाहेर काढलेले फोटो मागा, शेजारी मोजपट्टी ठेवून. अनेक नकला मूळ आकारापेक्षा लहान असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या अंकांच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत, त्या समोर ठेवून ताडा. ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’ विक्रेत्यानेच छापलेलं असेल तर ते रद्दीत टाका. ‘मित्राला पैसे पाठवा’ प्रकाराने पैसे द्यायला सांगितलं तर सरळ नकार द्या, कारण त्यात परतावा मिळवणं कठीण जातं. कार्डानेच द्या आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. भारतात मागवत असाल तर परत पाठवण्याचं टपाल कोण भरणार, हेही आधीच लिहून घ्या.