घाट चढून सेंटर की घरातली थेरपी: लहान मुलासाठी काय निवडावं?

फाइलवर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' (म्हणजे चालणं, बोलणं, समज अशा अनेक बाबतींत वाढ मागे असणं) किंवा 'ऑटिझम' लिहून झालं, कानाची तपासणी झाली, डॉक्टरांनी 'थेरपी लगेच सुरू करा' म्हणून बजावलं, की आपल्या कणकवली-देवगड-मालवण पट्ट्यातल्या आईबापांसमोर प्रश्न येतो. दर आठवड्याला घाट चढून कोल्हापूरच्या एखाद्या मोठ्या सेंटरला जायचं, की महिन्यातून एक-दोनदा थेरपिस्टला भेटून बाकीचं घरी करायचं? तिसरा मार्गही लोक सुचवतात: आईने मुलाला घेऊन पुण्यात खोली करून राहायचं. ज्यांचं माहेर तिथे आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. आमचं एका पगारात दोन बिऱ्हाडं चालण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याबद्दल मी बोलत नाही.

पहिले दोन्ही मार्ग मात्र आम्ही करून पाहिले. लेक दोन वर्षांची असताना सुरुवात केली, आता ती चार पूर्ण करेल.

सेंटरचं बळ आधी सांगतो, कारण ते खरं आहे. फिजिओ, ऑक्युपेशनल (रोजची कामं करायला शिकवणारे) आणि स्पीच थेरपिस्ट एका छताखाली असतात आणि एकमेकांशी बोलतात. झोपाळे, बोल्स्टर (लोडासारख्या गोल उशा), मोठे बॉल घरी कुठून आणणार? बाहेरच्या बाकावर बसलेल्या इतर पालकांकडून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापासून बुटांपर्यंत जे कळतं, ते दुसरीकडे कोणी सांगत नाही. काही मुलांना तर सेंटरशिवाय पर्यायच नाही. हातापायांचे स्नायू ताठ असतील, स्प्लिंट (हातपाय नीट धरून ठेवणारा आधार) लागणार असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर तिथे शिकलेला हातच हवा. कागद वाचून किंवा व्हिडिओ बघून ते करू नये.

प्रवासाचा त्रास तुम्हाला ठाऊक आहेच. गगनबावड्याच्या वळणांवर उलटी, मग झोप, आणि नेमकं सेशनच्या वेळी उठवल्यामुळे रडारड. पावसाळ्यात दरड आली की सगळंच थांबतं. तरी ते आम्ही सोसलं असतं.

आमचं बिनसलं ते दारापाशी. पंचेचाळीस मिनिटं मुलगी आत आणि आम्ही दोघं बाहेर. 'आईबाबा समोर असले की मूल काम करत नाही,' असं सांगितलं जायचं. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण वेळ संपली की दार उघडायचं, 'आज छान बसली हं' एवढं ऐकायला मिळायचं, हातात एक झेरॉक्स कागद यायचा आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं जायचं. आत नेमकं काय केलं, ती कुठे अडली, कशाने खुलली, यातलं काही आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या खोलीत ती खांबावर कड्या घालायला शिकली, हे कबूल. घरी मात्र पाणी हवं असलं की माठाजवळ उभी राहून रडायची आणि आमच्याकडे वळूनही बघायची नाही. मागणं हे माणसाकडे मागायचं असतं, आणि तिची माणसं दाराबाहेर बसलेली होती. दोन सेशन म्हणजे आठवड्यातला दीड तास. उरलेला सगळा आठवडा ती ज्यांच्याजवळ असते त्यांना काहीच शिकवायचं नाही, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

पुढे ज्या स्पीच थेरपिस्ट मिळाल्या त्यांनी आम्हाला आत बसवलं. मुलीशी खेळायला बायकोला लावलं आणि स्वतः बाजूला बसून पाहिलं. मग एकेक सांगत गेल्या. तिच्या तोंडासमोर आपलं तोंड येईल असं खाली बसा. ती ज्याकडे बघते आहे त्याचंच नाव घ्या. एकच शब्द बोला आणि गप्प राहा. ते गप्प राहणं सर्वांत कठीण. घावणा अख्खा ताटात द्यायचा नाही, तुकडा तुकडा द्यायचा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला मागायची संधी मिळते. खाऊचा डबा दिसेल असा, पण झाकण घट्ट लावून ठेवायचा.

यात खरी परीक्षा आजीची. 'चेडवाक भूक लागली हा, आधी खावक घाल, मगे तुझी थेरपी,' असं माझी आई म्हणायची, आणि तिची माया काही चुकीची नव्हती. म्हणून एका भेटीला तिलाही घेऊन गेलो. थेरपिस्टनी तिच्याच हातात बिस्कीट देऊन तिला थांबायला लावलं. मुलीने आधी बिस्किटाकडे, मग आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. त्या दिवसापासून आमच्या घरातली सर्वांत चिकाटीची थेरपिस्ट आजीच आहे.

हालचालींसाठीही अंगण पुरलं. चिऱ्याच्या पायऱ्या धरून चढणं, पुळणीवर अनवाणी चालणं, खाली वाकून सालासकट सुपाऱ्या उचलून रोवळीत टाकणं. (सोललेली सुपारी, आठळी किंवा काजूगर नको, घशात अडकतात.) काय आणि किती करायचं ते फिजिओने ठरवून दिलं होतं, वस्तू तेवढ्या आमच्या.

कोणी म्हणेल, ही गरजेपोटी केलेली समजूत आहे. तसं नाही. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेकडे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला ऑटिझम असलेल्या ६५ मुलांचा अभ्यास झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांच्याच खेळण्याचे व्हिडिओ दाखवत शिकवलं. मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. हा अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये छापून आला. मोजलेल्या प्रत्येक गोष्टीत फायदा दिसला नाही, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेचाही २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी असाच कार्यक्रम आहे: ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी.

घरच्या मार्गात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे भार, आणि तो बहुतेक आईवर पडतो. आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत किंवा गणपतीत वेगळं बसून काही करणं होतच नाही. म्हणून आम्ही आंघोळ, जेवण आणि कपडे घालणं यांतच सगळं बसवलं, आणि आंघोळ मी घेतली. दुसरी अडचण, थेरपिस्टची भेट लांबली की आपण तेच तेच करत राहतो आणि मूल पुढच्या पायरीला तयार आहे हे लक्षात येत नाही. त्यामुळे महिन्याची भेट चुकवायची नाही. मध्ये मी जेवतानाचा, खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवतो. आमच्याकडच्या रेंजवर थेट व्हिडिओ कॉलपेक्षा हे बरं पडतं.

पैशाचं थोडक्यात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची (वाढीत मागे असलेल्या मुलांची तपासणी आणि थेरपी करणाऱ्या सरकारी केंद्रांची) तरतूद आहे आणि तिथली सेवा मोफत असते. सध्या तिथे कोणते थेरपिस्ट आहेत हे जाण्याआधी फोन करून विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांपैकी कशाचं प्रमाणपत्र असेल तर 'निरामय' हा सरकारी आरोग्य विमा काढा. वर्षाला १ लाखापर्यंतच्या त्या विम्यात ओपीडीतल्या थेरपीचाही समावेश आहे.

तुमचं मूल वेगळं, घर वेगळं, त्यामुळे ठाम सांगणारा मी कोण. पण चालता-गिळता येणारं, बोलणं आणि समज मागे असलेलं मूल असेल, आणि घरात शिकायला तयार असलेली दोन माणसं असतील, तर मी घरच्या मार्गाकडे झुकेन. पहिलं मूल्यमापन मोठ्या सेंटरलाच करून घ्या, सुरुवातीचे दोन-तीन महिने तिथे जाताही आलं तर उत्तम. फक्त नाव नोंदवताना फीच्या आधी एक विचारा: सेशनला आईबाबांना आत बसू देता का? 'नाही' म्हणाले, तर निदान शेवटची पंधरा मिनिटं आमच्यासाठी ठेवा म्हणून सांगा. तेही जमत नसेल, तर दुसरं सेंटर बघा.