स्कीइंग न करणाऱ्या जोडप्यासाठी हिवाळी गुलमर्ग: मुक्काम आणि गोंडोला यांचे परीक्षण

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचे जोडपे हिवाळ्यातील चार-पाच दिवसांची सुटी बर्फात घालवायचे ठरवते, तेव्हा शिमला, मनाली, औली आणि गुलमर्ग ही नावे हमखास निघतात, आणि त्यातल्या त्यात स्वस्त पडणारी सहल निवडली जाते. मला हा निकष चुकीचा वाटतो. इतक्या थोड्या दिवसांत खरा प्रश्न पैशांचा नसून रस्त्यात जाणाऱ्या वेळेचा असतो. दिल्लीहून मनालीला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये दोन्ही वेळा मिळून एक पूर्ण दिवस संपतो. शिमल्याला आपण असू त्याच दिवशी बर्फ पडेल याची खात्री नसते, आणि जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये थांबला. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून निघून, वाटेत विमान बदलून, श्रीनगरला उतरल्यावर मात्र गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असते. स्की पायाला कधी न लावलेल्या आणि लावण्याची इच्छाही नसलेल्या आम्हा दोघांना ते कसे वाटले, ते येथे लिहीत आहे.

आपल्याकडच्या सहलींमध्ये गुलमर्ग साधारणपणे ‘दिवसभराची भेट’ म्हणून घातलेले असते. सकाळी श्रीनगरहून निघायचे, टंगमर्गला भाड्याचे कोट व गमबूट चढवायचे, बर्फासाठी चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करायची, गोंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेच्या, रांगेत उभे राहायचे आणि चार वाजता परत फिरायचे, असा तो कार्यक्रम असतो. ज्या प्रवासी कंपनीकडे आम्ही प्रथम चौकशी केली, तिनेही हेच पुढे केले आणि गुलमर्गमध्ये राहण्याची गरज नसल्याचे वर ठासून सांगितले. स्कीइंग करणाऱ्याला कदाचित उतार पुरेसे होत असतील, पण न करणाऱ्याला गुलमर्ग मिळते ते सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर. श्रीनगरच्या गाड्या तेव्हा नसतात, गोल्फच्या मैदानाभोवतीच्या रस्त्यावर आपल्याच बुटांचा करकर आवाज तेवढा येतो, आणि आकाश निरभ्र असेल तर ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्बत उत्तरेला स्पष्ट दिसतो. म्हणून माझे मत असे आहे की, गुलमर्गमध्ये दोन रात्रींचा मुक्काम मिळत असेल तरच ही सहल घ्यावी. नसेल तर तेच पैसे आंबोली किंवा चोर्ला घाटात अधिक सुखाने खर्च होतील.

मुक्कामाची खोली ठरवताना खिडकीतून काय दिसते हे विचारण्याआधी खोली गरम कशी होते हे विचारावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, आणि रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत उतरणे तेथे नवलाचे नाही. काही हॉटेलांत संपूर्ण इमारत गरम ठेवणारी यंत्रणा असते, काहींत खोलीत बुखारी, म्हणजे लाकडांवर चालणारी शेगडी, पेटवतात, आणि बऱ्याच ठिकाणी केवळ विजेचे ब्लँकेट देतात. वीज गेली की ते ब्लँकेट साध्या चादरीइतकेच उरते. त्यामुळे जनरेटर रात्रभर चालतो का, बुखारी किती वाजता विझवतात आणि गरम पाणी कोणत्या वेळेत मिळते, हे तिन्ही प्रश्न फोनवर नव्हे तर लेखी विचारून ठेवावेत. आमच्या खोलीत बुखारी होती. तिची ऊब कोरडी आणि थेट असते, मात्र तिच्या धुरासाठी खिडकी किंचित उघडी ठेवावी लागते, ही गोष्ट आम्हाला खोली दाखवणाऱ्या मुलाने न विचारता सांगितली, याचे गुण मी त्या हॉटेलला मुद्दाम देतो.

गोंडोला हा या सहलीतला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत चर्चिला जाणारा भाग. पहिला टप्पा १९९८ पासून सुरू आहे आणि तो गुलमर्गहून सुमारे ३,१०० मीटरवरील कोंगडोरीला पोहोचवतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा तेथून अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. एका डब्यात सहा जण बसतात. तिकिटे आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि गर्दीच्या दिवसांत ती लवकर संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटांबरोबरच त्यांचाही विचार करावा. तिकीट हाती असताना गाइड घेण्याची काहीही सक्ती नसते, जरी स्टँडपासून दरवाजापर्यंत अनेक जण तसे सांगत चालतात.

आता दुसऱ्या टप्प्याविषयी. ‘वरपर्यंत गेलो नाही तर गुलमर्ग पाहिलेच नाही’ असे जाऊन आलेले बहुतेक जण सांगतात, आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. वरून खाली उतरणाऱ्या लांब उतारांसाठी देशोदेशीचे स्कीपटू तेथे जातात. ज्याला खाली डब्यातूनच यायचे आहे, त्याच्या वाट्याला बोचरा वारा, विरळ हवा, थोडेसे उभे राहणे आणि परतीची रांग एवढेच येते. काल-परवापर्यंत साडेसातशे मीटरवर असलेल्या माणसाला जवळजवळ चार हजार मीटरवर डोके जड होणे स्वाभाविक आहे, आणि रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो हट्ट धरू नये. शिवाय वारा वाढला की हा टप्पा बंद ठेवतात. उलट कोंगडोरीला पठारासारखी जागा आहे, चहा-मॅगीच्या टपऱ्या आहेत, बर्फात बसता येते, आणि दोन-तीन तास कसे गेले ते कळत नाही. फक्त पहिल्या टप्प्याचे तिकीट काढा आणि दिवसाची पहिली वेळ घ्या.

स्कीइंग करायचे नाही म्हटल्यावर स्लेजवाले मागे लागतात. लाकडी फळीवर बसवून एक माणूस दोरीने चढावर ओढत नेतो आणि उतारावर सोडतो. उतरताना मजा येते, पण चढताना आपल्या वजनाखाली धापा टाकणारा माणूस पाहून माझ्या पत्नीने अर्ध्यावरच उतरून चालणे पसंत केले, पैसे मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण दिले. भाव आधी ठरवावा आणि वेळही आधी ठरवावी. ‘तासाभरात स्की शिकवतो’ या आमिषाला मात्र बळी पडू नये, कारण तेवढ्या वेळात बूट घालून तोल सावरण्यापलीकडे काही होत नाही. खरोखर शिकण्याची हौस असेल त्यांच्यासाठी गुलमर्गमध्येच भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, पण तो अनेक दिवसांचा मामला आहे.

चालत पाहण्यासारखे म्हणाल तर १९०२ साली बांधलेले दगडी सेंट मेरी चर्च आहे. टेकडीवरचे १९१५ सालचे महाराणीचे शिवमंदिर, ज्याचे चित्र आपल्याकडच्या जुन्या कॅलेंडरांवर असायचे, ते जून २०२४ मध्ये आगीत जळाले. जुने छायाचित्र मनात ठेवून जाणाऱ्यांनी एवढे लक्षात असू द्यावे.

खाण्याच्या बाबतीत गुलमर्ग मला सामान्य वाटले. शाकाहारी जेवण बहुधा पंजाबी धाटणीचे मिळते, महाग असते आणि भाकरीची सवय असलेल्या पोटाला तिसऱ्या जेवणाला कंटाळा येतो. कहवा, म्हणजे काश्मिरी चहा, मात्र सगळीकडे चांगला होता. मांसाहार करणाऱ्यांनी श्रीनगरला परतल्यावर जुन्या शहरात सकाळी लवकर जाऊन हरिसा खावा. मटण आणि तांदूळ रात्रभर घोटून केलेला हा पदार्थ हिवाळ्यातच मिळतो, आणि संपूर्ण सहलीतील सर्वोत्तम जेवण मी त्यालाच म्हणेन.

केव्हा जावे, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत अवघड झाले आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लाई कलान’ हा कडक थंडीचा काळ मानतात, तरीही जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ गुलमर्गचे उतार कोरडे होते, आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. नाताळच्या गर्दीत दुप्पट भावाने जाण्यापेक्षा संक्रांत उरकून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरणे मला शहाणपणाचे वाटते. चिकोडी-अथणीकडे ज्यांचा ऊस अजून रानात उभा असतो त्यांना ते जमणार नाही, त्यांनी मार्चचा पहिला आठवडा पाहावा. बर्फवृष्टीत श्रीनगरची विमाने रद्द होतात, म्हणून परतीच्या आधी श्रीनगरमध्ये एक रात्र राखीव ठेवावी आणि पुढचे विमान त्याच दिवसाचे घेऊ नये. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम तेथे चालत नाही. दोघांपैकी एकाचे तरी पोस्टपेड असावे. गमबूट टंगमर्गला भाड्याने मिळतात, पण ते अनेकदा आतून ओले असतात, त्यामुळे लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या जास्त घ्याव्यात आणि पावसाळ्यासाठी घरात असलेले चांगले गमबूट असतील तर तेच बॅगेत टाकावेत.