कार इन्शुरन्सचा एजंट: जो प्रश्नच विचारत नाही त्याला लांबूनच नमस्कार

"गाडीचा नंबर पाठवा, एका मिनिटात बेस्ट कोट देतो" म्हणणाऱ्या एजंटवर माझा तरी विश्वास उरलेला नाही. यंदा रिन्युअल जवळ आलं तेव्हा बऱ्याच जणांकडे विचारलं, सगळ्यांनी नंबर घेतला, मॉडेल घेतलं आणि चहा उकळायच्या आत पीडीएफ हजर. एक बाई मात्र, त्या ब्रोकर आहेत, त्यांनी कोट द्यायच्या आधी इतक्या चौकशा केल्या की मला वाटलं इन्शुरन्स काढतायत की स्थळ बघतायत. शेवटी पॉलिसी त्यांच्याकडूनच घेतली आणि हा रिव्ह्यू त्यांचाच आहे, पण बाकीच्यांबद्दलही लिहिते, कारण "एजंट चांगला बघून घ्या" एवढं सगळेच सांगतात, चांगला ओळखायचा कसा ते कोणी बोलत नाही.

तर त्यांनी काय काय विचारलं. गाडी रोज कोण चालवतं, घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं कोणी आहे का, रात्री गाडी रस्त्यावर असते की आत, कधी भाड्याने किंवा सामान पोचवायला वापरता का, गॅस किट वगैरे बाहेरून काही बसवलंय का, गाडीवर लोन चालू आहे का, आणि गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का. म्हटलं हो, मागून एकाने ठोकलं होतं तेव्हा घेतला होता. तर म्हणाल्या, "मग जुनी पॉलिसी आणि त्या क्लेमचे कागद पाठवा, बोनस किती उरलाय ते बघितल्याशिवाय आकडा सांगणार नाही." इथे माझी ट्यूब पेटली. बाकी सगळ्यांनी मला न विचारता नो क्लेम बोनस पूर्ण लावून टाकला होता, म्हणून त्यांचे कोट स्वस्त दिसत होते! यांचा कोट आला तो सगळ्यात महाग, आणि तोच एकटा खरा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लेम न घेतलेल्या वर्षांबद्दल प्रीमियममध्ये सूट मिळते तो हा बोनस. भारतात ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्या प्रीमियमवर २० टक्क्यांपासून सुरू होते आणि ५० पर्यंत चढते, मध्येच क्लेम घेतला की पुढच्या रिन्युअलला साफ. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आता एजंटने तो खोटा लावला तर फॉर्मवर काय येतं? तुम्ही जाहीर केलंत की मागच्या वर्षी क्लेम नाही. कंपनी पुढे कधीतरी जुन्या कंपनीकडे खात्री करते, साधारणपणे तुमचा क्लेम येतो तेव्हाच, आणि मग खोटं बोललेला माणूस कागदावर तुम्ही असता. एजंटने कमिशन कधीच खिशात घातलेलं असतं.

या धंद्याचं सगळं गाडं "खरं सांगा" यावरच चालतं. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशाने कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात हे नीट मांडून ठेवलं, खटला होता सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याचा, गाड्या तेव्हा कुठल्या. म्हणणं एवढंच की जोखमीची माहिती विमा घेणाऱ्याकडे असते, देणाऱ्याकडे नसते, तेव्हा घेणाऱ्याने ती लपवायची नाही. ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने साध्या ग्राहकापुरतं हे बदललं, आता तिथे कंपनीने विचारायचं आणि ग्राहकाने काळजीपूर्वक खरं उत्तर द्यायचं. पण नियम कुठलाही असो, मधे माणूस असेल तर कंपनीचा प्रश्न तुमच्यापर्यंत आणतो तोच. त्याने तो मधल्या मधे गिळला आणि उत्तर स्वतःच्या मनाने ठोकून दिलं तर कायदा कितीही चांगला असून काय उपयोग. म्हणून माझी पहिली आणि खरं तर मुख्य कसोटी हीच, माणूस किती विचारतो. आणि भरलेला फॉर्म सबमिट करायच्या आधी तुम्हाला दाखवतो का. यांनी पाठवला होता, वर "प्रत्येक ओळ वाचा, मगच ओके म्हणा" असा मेसेज, मी आळस करून नुसतंच ओके टाकलं तर फोन करून तोंडी वाचून दाखवला. तेव्हा राग आला होता, आता नाही.

एजंट आणि ब्रोकर यातला फरक पण समजून घ्या, लोक सरसकट सगळ्यांना एजंट म्हणतात. एजंट हा कंपनीचा माणूस, तो त्याच्या कंपनीची पॉलिसी विकणार, त्यात वाईट काही नाही, फक्त "मी सगळ्या कंपन्या कम्पेअर करून देतो" असं तो म्हणाला तर कान टवकारा. ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा, बऱ्याच कंपन्यांतून निवडून द्यायचं त्याचं काम. गंमत म्हणजे पैसे बहुतेक वेळा ब्रोकरलाही कंपनीकडूनच मिळतात, प्रीमियममधून. म्हणून तोंडावर विचारायचं, यात तुम्हाला काय मिळतं आणि कुठल्या कंपनीकडून जास्त मिळतं. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमाने पॉलिसी विकणाऱ्याला आपल्याला मोबदला कोणत्या प्रकारचा मिळतो हे आधी सांगावंच लागतं, बाकीकडे तुम्ही विचारलंत तर कळेल. या बाईंनी टक्केवारी सरळ सांगितली. एका एजंटला तोच प्रश्न विचारला तर "अहो तुमच्याकडून काय कमवायचं, तुम्ही घरच्यासारख्या" असं उत्तर आलं. घरच्यासारखं म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये हे माझं जुनं मत आहे, इन्शुरन्सच नाही, काहीच.

एजंटचं किंवा ब्रोकरचं लायसन्स बघायला लाजू नका. त्यांच्यावर नजर ठेवणारी सरकारी संस्था भारतात आयआरडीएआय, ब्रिटनमध्ये एफसीए, अमेरिकेत प्रत्येक राज्याचं आपलं इन्शुरन्स डिपार्टमेंट, सगळीकडे ऑनलाइन नाव शोधता येतं. भारतात ब्रोकरला स्वतःचा प्रोफेशनल इंडेम्निटी विमासुद्धा ठेवावा लागतो, म्हणजे त्याच्या चुकीने ग्राहकाचं नुकसान झालं तर त्यासाठी. तो आहे ना, एवढं विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो काहींचा.

पैशाचं तर अजिबात सैल सोडू नका. प्रीमियम कंपनीच्या नावाने, कंपनीच्या लिंकवर. "माझ्या नंबरवर टाका, मी भरतो" हे चालणार नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. भारतात १९३८ च्या इन्शुरन्स अ‍ॅक्टचं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, म्हणजे तुमचे पैसे एजंटच्या खात्यात दोन दिवस पडून राहिले आणि नेमकी तेव्हाच गाडी ठोकली तर बसा भांडत. ब्रिटनमध्ये तर घोस्ट ब्रोकर नावाची जमातच आहे, सोशल मीडियावर स्वस्त पॉलिसी विकतात. काही जण कागद सरळ खोटा बनवतात, पण जास्त डोकेबाज असतात ते खरी पॉलिसी काढतात, पत्ता वय वगैरे चुकीचं टाकून प्रीमियम पाडतात, तुम्हाला पीडीएफ देतात आणि नंतर गुपचूप कॅन्सल करून रिफंड स्वतः घेतात. म्हणून पॉलिसी आली की पीडीएफवरच्या फोन नंबरवर नाही, कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून खात्री करायची, आणि थोड्या दिवसांनी परत एकदा.

आता क्लेमचं. "क्लेमचं टेन्शन घेऊ नका, आपली सेटिंग आहे, पास करून देतो" हे वाक्य ऐकलं की मी फोन ठेवते. क्लेम किती मंजूर होणार हे सर्वेयरचा, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाचा, रिपोर्ट आणि कंपनी ठरवते, एजंटच्या हातात ते नसतं. त्याच्या हातात असतं ते वेगळंच आणि तेवढंच महत्त्वाचं: कंपनीला कधी कळवायचं, सर्वेच्या आधी गॅरेजवाल्याला काही खोलू द्यायचं नाही, फोटो कुठले काढायचे, कागद अडकला तर कोणाला हलवायचं. मी पॉलिसी घ्यायच्या आधीच या बाईंना विचारलं की यात काय मिळणार नाही. त्यांनी मिळणार नाही त्याची यादी आधी वाचली, झटपट नाही, सावकाश, उदाहरणं देत. भारतातल्या साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, आणि हल्लीच्या गाडीला पुढून मागून बघा, प्लास्टिकच की सगळं, म्हणून झिरो डेप घ्या म्हणाल्या, म्हणजे हा घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर, अ‍ॅड-ऑन. इंजिनचं कव्हर वेगळं असतं, पण ते घेतलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी परत परत स्टार्टर मारून चालू करायला जाल आणि इंजिन जाम झालं तर कंपनी तुमच्याकडेच बोट दाखवू शकते, तेव्हा चावी काढा आणि टो करून न्या. टायरचं एक अ‍ॅड-ऑन मी मागत होते तर म्हणाल्या नको, तुमच्या वापराला उपयोग नाही. विकणारा माणूस विकायला नको म्हणतो हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

मध्यंतरी पार्किंगमध्ये खांबाला बंपर घासला. फोन केला, त्यांनी गॅरेजचा अंदाज मागवला, डिडक्टिबल (क्लेममधला आपण स्वतः भरायचा ठरलेला भाग) आणि पुढच्या वर्षीची बोनसची सूट एका कागदावर मांडली आणि म्हणाल्या, खिशातून भरा, क्लेम घेतलात तर जास्त जातील. हिशोब मी घरी परत करून बघितला, बरोबर होता.

शोरूमवाल्याचं काउंटर सोयीचं असतं हे खरं, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस होतं आणि पार्टसाठी भांडावं लागत नाही. पण गाडी घेताना इन्शुरन्स इथूनच घ्यायला पाहिजे असं कोणी दडपून सांगितलं तर दुसरीकडचा कोट तोंडावर ठेवा, किंमत खाली येते की नाही बघा. कम्पॅरिझन साइट आकडे बघायला छान, तिथेही बोनसचा आणि वापराचा रकाना तुम्हीच भरता, निदान खोटं लिहिलं तर आपण लिहिलं हे तरी माहीत असतं.

बाईंचं सगळंच गोड नाही. सुट्टीच्या दिवशी फोन उचलत नाहीत, कंपनीचा हेल्पलाइन नंबर पाठवून ठेवलाय तेवढाच. रिन्युअलची आठवण अगदी शेवटच्या आठवड्यात करतात, तेवढ्या वेळात दुसरे कोट मागवायला निवांतपणा मिळत नाही. मी तारीख स्वतःच फोनमध्ये टाकून ठेवलीय, आणि पुढच्या वर्षी त्यांनाच सांगणार आहे की तीच कंपनी डोळे झाकून रिन्यू करू नका, बाकीच्यांचे आकडे पण आणा. ब्रिटनमध्ये २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा महाग रिन्युअल लावायला बंदी आहे, सगळीकडे असा नियम नाही. ५ पैकी ४ देते. आणि ज्यांची गाडी इतकी जुनी झालीय की नुसतं थर्ड पार्टीच, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं, काढायचंय त्यांनी एवढ्या भानगडीत पडूच नका, कंपनीच्या साइटवर जा, नाव, गाडी आणि तारखा नीट तपासा आणि काढून टाका.